पी-वेवाल्याच्या लॅपटॉपवर ओपनएलसीए

ओपनएलसीए म्हणजे एखाद्या वस्तूपायी निसर्गावर किती भार पडतो ते मोजणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, चांगलं आहे आणि घाईतल्या माणसाच्या कामाचं नाही. 'टाकू की नको' एवढंच ज्यांना विचारायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. ज्यांना रूळ, स्लीपर (रुळाखालचे आडवे ठोकळे), खडी यांत रस आहे त्यांच्यासाठी पुढे बरंच आहे.

मी मध्य रेल्वेत पर्मनंट वे विभागात, म्हणजे रूळमार्ग टाकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या खात्यात, आमच्या बोलण्यात पी-वेत, नोकरी केली आणि सेक्शन इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. कसारा-इगतपुरीचा थळ घाट पाहिला, मनमाडकडची सपाट लाइनही पाहिली. माल किती आला, किती बसवला, किती स्टोअरला परत गेला, या मोजदादीत आयुष्य गेलं. धुराची मोजदाद मात्र कोणी मागितली नव्हती. ती मागितली पुतणीने. पुण्यात पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "काका, एक किलोमीटर ट्रॅक टाकला की किती कार्बन जातो हवेत?" मी म्हटलं, "अगं, कुठला ट्रॅक? आणि किती वर्षं टिकणारा?" ती हसली, "हे सॉफ्टवेअरपण नेमकं हेच विचारतं," आणि तिथेच बसून माझ्या लॅपटॉपवर ओपनएलसीए टाकून गेली.

हे बर्लिनच्या ग्रीनडेल्टा कंपनीचं सॉफ्टवेअर. मुक्त स्रोत आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. काम एकच करतं: जीवनचक्र मूल्यांकन. एखादी वस्तू खाणीतून निघाल्यापासून भंगारात जाईपर्यंत तिच्यापायी किती कोळसा जळला, किती पाणी गेलं, किती विष मातीत उतरलं, याची बेरीज. ती कशी करायची याचे नियम आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत आहेत, आणि सॉफ्टवेअर त्याच चाकोरीतून नेतं.

हे सगळं रेल्वेला कशाला, असं माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं. आपली गाडी विजेवर चालते, धूर कुठाय? त्याला मी २००९ सालचा एक अभ्यास सांगितला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मिखाइल चेस्टर आणि अर्पाद होर्वाथ यांनी अमेरिकेतल्या प्रवासी वाहतुकीचा हिशेब मांडला. नुसती गाडी चालवण्याच्या उत्सर्जनात वाहन बांधणी, रस्ता, लाइन, स्टेशन, इंधननिर्मिती हे सगळं मिळवलं, तर रस्त्यावरच्या वाहनांचा आकडा ६३ टक्क्यांनी वाढतो, विमानाचा ३१ टक्क्यांनी आणि रेल्वेचा तब्बल १५५ टक्क्यांनी. रेल्वे वाईट आहे असा याचा अर्थ होत नाही. चालण्याचा खर्चच इतका कमी आहे की जमिनीवर अंथरलेलं सामान हिशेबात मोठं दिसायला लागतं. आणि ते सामान अंथरणारे आम्ही. भारतीय रेल्वेने २०३० पर्यंत नेट झिरोचं लक्ष्य ठेवलंय, त्यात बोलणं प्रामुख्याने विजेचं आणि डिझेलचं असतं. रुळाचं पोलाद बनवताना भिलाईच्या कारखान्यातल्या भट्टीतून जो धूर निघतो तो पोलादवाल्यांच्या वहीत जातो. पण तो रूळ तर आम्हीच मागवलेला असतो.

आता सॉफ्टवेअरकडे. उघडल्यावर डाव्या बाजूला फोल्डरांची उतरंड दिसते: फ्लो, प्रोसेस, प्रॉडक्ट सिस्टिम, प्रोजेक्ट. नव्या माणसाची पहिली संध्याकाळ यातच जाते. फ्लो म्हणजे वस्तू, उदाहरणार्थ रूळ, खडी, डिझेल, हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. प्रोसेस म्हणजे काम: आत काय गेलं, बाहेर काय आलं. कामं एकमेकांना जोडली की प्रॉडक्ट सिस्टिम होते. आणि दोन-तीन सिस्टिमा शेजारी ठेवून तुलना करायची तर प्रोजेक्ट. पी-वेवाल्याला हे कळायला खरं तर सोपं आहे, कारण आमचं मटेरियल स्टेटमेंट असंच असतं. फक्त इथे शेवटच्या रकान्यात रुपयांऐवजी धूर येतो.

मी घेतलेलं काम असं: ब्रॉडगेज, सिंगल लाइन, सरळ, एक किलोमीटर. ६० किलोचा रूळ, पीएससी म्हणजे ताणलेल्या तारांच्या काँक्रीटचे स्लीपर किलोमीटरला १६६०, खाली ३०० मिलिमीटर खडी. भराव, कटिंग, पूल, बोगदे, विजेच्या तारांचे (ओएचईचे) खांब बाहेर ठेवले. कोकण रेल्वेचा हिशेब करायला बसलो असतो तर ही सूट घेता आली नसती, तिथे बोगदे आणि दऱ्यांवरचे उंच पूलच सगळा आकडा गिळतील. मला फक्त ट्रॅक पाहायचा होता.

वजनं तोंडपाठ होती. ६० किलोचा म्हणतात तो रूळ नेमका मीटरला ६०.३४ किलो भरतो, दोन्ही बाजू धरून किलोमीटरला १२१ टन पोलाद. स्लीपर पावणेतीनशे किलोचा धरला तरी साडेचारशे टनांच्या वर काँक्रीट. रूळ धरून ठेवायला प्रत्येक स्लीपरवर चार क्लिपा, चार लायनर, दोन रबर पॅड, आणि काँक्रीटमध्ये रुतवलेले चार इन्सर्ट. क्लिप साधारण किलोभराची, म्हणजे नुसत्या क्लिपाच साडेसहा टन. खडी मीटरला सुमारे दोन घनमीटर, म्हणजे किलोमीटरला तीन हजार टन. हे सगळं टाकलं आणि 'कॅल्क्युलेट' दाबलं.

इथे सॉफ्टवेअरने पहिल्यांदा पैसे वसूल करून दिले (फुकटचं असलं तरी). निकालाबरोबर सँकी नावाची आकृती येते: जाड-बारीक पट्टे, ज्याचा धूर जास्त त्याचा पट्टा जाड. वजनात ट्रॅकचे पाचातले चार हिस्से खडीचे, आणि आकृतीत खडीचा पट्टा शोधावा लागतो. सगळा जाड पट्टा रुळाकडून येतो.

आकडे मी कागदावरही ताडून पाहिले, कारण यंत्राने सांगितलं म्हणून मान्य करायची सवय नाही. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली, त्यात टनाला २.२ टन कार्बन डायऑक्साइडच्या आतलं पोलाद हरित मानलं. भट्टीतल्या कोळशावर बनणारं आपलं पोलाद सरसकट याच्या वर जातं. तरी उदार होऊन २.२ च धरले, तर १२१ टन रुळांचे २६६ टन होतात. स्लीपरचं असं: एकात ४८ किलोच्या आसपास सिमेंट धरलं. स्लीपरला खास ५३-एस ग्रेडचं सिमेंट लागतं. घराच्या स्लॅबसाठी जसं फ्लाय अॅशवालं सिमेंट घेऊन कार्बन कमी करता येतो तशी सोय इथे नाही. किलोला ०.८५ धरले की ४१ किलो. आत तीन मिलिमीटरच्या तीन-तीन तारा पिळलेल्या १८ स्ट्रँड असतात, त्यांचं वजन आठ किलो भरतं, त्याचे १८ किलो. इन्सर्टचे १३. एकूण ७२ किलो, गुणिले १६६०, म्हणजे १२० टनांच्या जवळ. क्लिपांचे १५ टन. आणि खडी? खाणीतलं फोडणं-चाळणं टनाला पाच किलो धरलं तर तीन हजार टनांचे फक्त १५ टन.

पण खाण लांब असेल तर? ट्रकने १०० किलोमीटरवरून आणली आणि टन-किलोमीटरला १०० ग्रॅम धरले, तर आणखी ३० टन. म्हणजे दगड फोडण्यापेक्षा तो आणण्याचा खर्च दुप्पट. तीच खडी हॉपर रेकने, म्हणजे खडीच्या मालगाडीने, आली तर हा भाग बराच खाली येतो. आमच्या वेळी खडीच्या टेंडरात दर बघायचे, आकार बघायचे, २० ते ६५ मिलिमीटरच्या चाळणीतून पास-नापास करायचे. अंतराकडे फक्त भाड्यापुरतं लक्ष असे.

हे सगळं एकदा टाकायचं सामान झालं. खरी गंमत त्यापुढे सुरू होते, आणि मला हे सॉफ्टवेअर आवडलं ते या भागासाठी.

ओपनएलसीएमध्ये आकड्याच्या जागी पॅरामीटर लिहिता येतो. 'रूळ_आयुष्य' असं नाव द्यायचं, त्याला किंमत द्यायची, आणि सूत्रात २६६ भागिले ते नाव. मग एका जागी किंमत बदलली की सगळा हिशेब बदलतो. विकतचे जे मोठे डेटाबेस आहेत त्यांतही रेल्वे ट्रॅकचं एकक नुसतं मीटर नसतं, मीटर-वर्ष असतं. एक मीटर ट्रॅक, एक वर्ष. सुरुवातीला विचित्र वाटलं, पण पी-वेवाल्याला याहून चांगलं एकक सुचलं नसतं.

आमच्या मॅन्युअलमध्ये रुळाचं आयुष्य वर्षांत नसतं, जीएमटीत असतं, म्हणजे त्याच्यावरून किती दशलक्ष टन वजन गेलं. ९० यूटीएस (पोलादाची ताणशक्ती) दर्जाचा ६० किलोचा रूळ ८०० जीएमटी, ५२ किलोचा ५२५ जीएमटी, हे आकडे आमच्या पिढीला पाठ. सेक्शनवर वर्षाला ४० जीएमटी वाहतूक असेल तर ६० किलोचा रूळ २० वर्षं. २६६ भागिले २०, वर्षाला १३ टन. आता तोच रूळ घाटातल्या तीव्र वळणावर टाका. तिथे बाहेरच्या रुळाची आतली कड चाकाच्या फ्लँजने (कडेच्या कंगोऱ्याने) खरवडली जाते, आणि जीएमटी भरायच्या कितीतरी आधी तो काढावा लागतो. समजा दहा वर्षांत निघाला. वर्षाला साडेसव्वीस टन. स्लीपर ५० वर्षं टिकला तर वर्षाला अडीच टनांच्या आत, आणि ३५ वर्षांत काढला तरी साडेतीनच्या आत.

म्हणजे पोलादाचा कारखाना हरित करून टनाला २.२ चे १.८ केले, तरी त्याने वाचतं त्यापेक्षा जास्त एका गोष्टीने वाचतं: रूळ दहाऐवजी पंधरा वर्षं टिकवला तर. आणि रूळ टिकवणं हे कुठल्याही कारखान्यात होत नाही. ते होतं वळणावरच्या ग्रीसच्या डब्याने. गेज फेसला, म्हणजे त्या आतल्या कडेला, ग्रीस लावलं की झीज कमी होते, हे आमच्या गँगच्या प्रत्येक मेटला (मुकादमाला) ठाऊक होतं. आतला रूळ बाहेर आणि बाहेरचा आत अशी अदलाबदल केली की कोरी कड चाकाला मिळते आणि आणखी काही वर्षं निघतात. हे काम कटकटीचं, ब्लॉक (गाड्या थांबवून मिळणारा वेळ) मिळत नाही, मशीन वेळेवर येत नाही, म्हणून मागे पडतं. मॉडेलमध्ये ग्रीसचा पट्टा टाकून पाहिला तर तो आकृतीत दिसतच नाही इतका बारीक, आणि त्याच्यामुळे रुळाचा पट्टा मात्र डोळ्यांदेखत बारीक होतो. हे पाहून मी जेवण विसरून बसलो होतो. घरच्यांनी लॅपटॉप मिटवला.

दुसरी अशीच गोष्ट संडासाची. हसू नका. गाडीच्या डब्यातून सगळं सरळ रुळावर पडायचं त्या काळात रुळाची पायथ्याची पट्टी, लायनर बसतो नेमकी तिथे, गंजून खात जायची. वरून रूळ ठणठणीत, खालून कुरतडलेला. लाइन तपासत चालणाऱ्या कीमनने वाकून पाहिलं तरच कळे. असे रूळ जीएमटी भरायच्या आत काढलेत आम्ही. गेल्या दशकात डब्यांना बायोटॉयलेट बसले ते स्वच्छतेच्या नावाने, पण रुळाच्या आयुष्याच्या रकान्यात त्याचं पुण्य जमा होतं. असा जमाखर्च दाखवणारा दुसरा कागद मी नोकरीत पाहिला नव्हता.

आणि पाणी. काळ्या मातीच्या सेक्शनवर नोकरी केलेल्याला विचारा. निचरा बंद झाला की खडीखाली चिखल, गाडी गेली की स्लीपर वरखाली, चिखल पंपासारखा वर येतो. मग टँपिंग (यंत्राने स्लीपरखाली खडी ठासणं), पुन्हा टँपिंग, शेवटी डीप स्क्रीनिंग, म्हणजे सगळी खडी उपसून चाळणं. टँपिंग मशीनचं डिझेल मी मॉडेलमध्ये घातलं, ते वर्षाच्या हिशेबात किरकोळ निघालं. पण प्रत्येक टँपिंगमध्ये खडीच्या कडा तुटतात, तिचा चुरा होतो, आणि स्क्रीनिंगला बाहेर पडणाऱ्या चुऱ्याइतकी नवी खडी त्या शंभर किलोमीटरवरच्या खाणीतून पुन्हा आणावी लागते. साइड ड्रेन साफ ठेवणाऱ्या गँगच्या फावड्याला सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेस नाही. मी स्वतः एक बनवली: आत फावडं आणि माणसं, बाहेर शून्य धूर. नाव दिलं 'पावसाळ्यापूर्वीची कामं'. पुतणी म्हणाली असं चालत नाही. मी म्हटलं फाइल माझी आहे.

आता ज्या भागाने डोकं पिकवलं तो. वस्तूचं आयुष्य संपलं की पुढे काय, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. जाळली, पुरली, की वितळवून परत वापरली? परदेशी उदाहरणांत रूळ निघाला की भट्टीत गेला, संपलं. आपल्याकडे रूळ असा सरळ मरत नाही. मेन लाइनवरून निघालेला रूळ आधी तपासून वेगळा काढतात, त्यातला चांगला लूप लाइनला (स्टेशनातल्या बाजूच्या लाइनला), मग यार्डात, साइडिंगला. तिथेही थकला की फाटकाच्या हाइट गेजचा (उंच वाहनं अडवणाऱ्या कमानीचा) खांब होतो, स्टेशनच्या कुंपणात उभा राहतो, शेडच्या छपराला टेकू देतो. कितीतरी छोट्या स्टेशनांवर तुम्ही ज्याला टेकून गाडीची वाट पाहता तो जुना रूळच असतो, नीट पाहिलंत तर अंगावर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं दिसेल. उरलेला लिलावात जातो आणि रोलिंग मिलमध्ये. तिथेही कित्येकदा वितळवत नाहीत, तापवून, चिरून सरळ सळया आणि पट्ट्या ओढतात. म्हणजे भट्टीचा मोठा खर्च वाचतोच.

मग त्या २६६ टनांतले मेन लाइनच्या नावावर किती, साइडिंगच्या नावावर किती आणि कुंपणाच्या नावावर किती? सॉफ्टवेअरमध्ये 'अॅलोकेशन' नावाचा (म्हणजे वाटणीचा) टॅब आहे, त्यात वजनाने वाटा, किमतीने वाटा, किंवा स्वतः कारण देऊन वाटा, असे पर्याय आहेत. मी तिन्ही करून पाहिले आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आली. किमतीने वाटलं तर जवळजवळ सगळं मेन लाइनवर बसतं, कारण भंगाराला भाव कमी. वजनाने वाटलं तर कुंपणाच्या खांबावर मेन लाइनइतकाच कार्बन बसतो, जे हास्यास्पद आहे. यात सॉफ्टवेअरची खोट काढता येत नाही, मानकांतच हे बरंचसं मोकळं सोडलेलं आहे. पण ज्यांना एकच ठाम आकडा हवा असतो, आणि साहेब लोकांना नेहमी एकच ठाम आकडा हवा असतो, त्यांनी हे आधी समजून घ्यावं. दोन अहवालांतले आकडे जुळत नसतील तर पहिल्यांदा हा टॅब उघडून बघा.

लाकडी स्लीपरचाही प्रयोग केला, निव्वळ हौसेने. नोकरीच्या सुरुवातीला पुलांवर आणि पॉइंटांवर (गाडी लाइन बदलते तिथे) साल-सागाचे स्लीपर मी हाताळलेत, त्याआधीच्या पिढीने तर मैलोन्‌मैल. देशात १८६४ साली वन खातं उभं राहिलं आणि डिट्रिश ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले, त्यामागे रेल्वेची स्लीपरची भूक हे एक मोठं कारण होतं. साग आणि साल तसेच वापरत. देवदार, चीड अशा मऊ लाकडाला आधी क्रिओसोट नावाचं तेल पाजत, त्याचे कारखाने पंजाबात धिलवानला, आसामात नाहरकटियाला होते. मॉडेलमध्ये लाकूड टाकलं तर कार्बनच्या रकान्यात ते सिमेंटला सहज हरवतं. पण ओपनएलसीए फक्त कार्बन दाखवत नाही, पद्धत निवडाल तसे आणखी रकाने येतात: पाण्याचं आम्लीकरण, जमिनीचा वापर, माणसाला होणारी विषबाधा. क्रिओसोट हे कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल, कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं त्यात असतात, आणि विषबाधेच्या रकान्यात लाकडाचा पट्टा एकदम उभा राहतो. जंगल किती गेलं तो रकाना वेगळाच. म्हणून नुसता कार्बनचा अहवाल कोणी पुढे केला तर बाकीचे रकाने मागून घ्यावेत. जुने काळे स्लीपर बागेत बाक म्हणून विकत मिळतात, त्यांच्यावर मुलं बसवण्याआधीही विचार करावा.

प्रोजेक्ट वापरून एक तुलना केली ती खडीचा ट्रॅक आणि काँक्रीट स्लॅबचा ट्रॅक यांची. मेट्रोचे उड्डाणमार्ग बिनखडीचे असतात, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्गही जपानी पद्धतीच्या स्लॅबवर आहे. सुरुवातीच्या सिमेंटमुळे स्लॅब पहिल्या दिवशी मागे पडतो, मग टँपिंग नाही, स्क्रीनिंग नाही, खडी नाही, असं करत वर्षांगणिक अंतर भरत आणतो. कुठल्या वर्षी गाठतो ते पुन्हा तुम्ही आयुष्य किती धरता यावर. सॉफ्टवेअरमध्ये माँटे कार्लोची सोय आहे: आयुष्याला एकच आकडा न देता '४० ते ६०' असा पल्ला द्यायचा, ते शेकडो वेळा फासे टाकून निकालाचा पसारा दाखवतं. माझ्या लॅपटॉपवर ते चालवलं की पंखा ओरडायला लागतो. दोन्ही पर्यायांचे पसारे इतके एकमेकांत शिरले की ठामपणे कोणाचीच बाजू घेता येईना. मला हे प्रामाणिक वाटलं.

आता उणी बाजू. सॉफ्टवेअर फुकट, पण रिकामं येतं. आत भरायचा डेटाबेस वेगळा. काही फुकट आहेत, अमेरिकेचा यूएसएलसीआय आणि युरोपचा जुना ईएलसीडी, पण त्यांतलं पोलाद तिथलं, वीज तिथली. मोठे विकतचे डेटाबेस निवृत्तिवेतनाच्या आवाक्यातले नाहीत. पुतणीकडे कॉलेजचा परवाना आहे, तिने तिच्याकडे चालवून दाखवलं. मी स्वतः वर सांगितलं तसे आकडे हाताने भरले. त्यात तोटा नाही, उलट प्रत्येक आकडा कुठून आला हे माहीत असतं, पण वेळ जातो. आपल्या पीएससी स्लीपरचा, आपल्या क्लिपांचा, आपल्या खाणींचा तयार संच कोणी करून ठेवला तर इंजिनियरिंगच्या मुलांचे महिने वाचतील. लखनौच्या आरडीएसओकडे, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेकडे, सगळी ड्रॉइंग आहेत, सगळी वजनं आहेत. स्वीडनच्या १९० किलोमीटरच्या बॉथनिया लाइनने २०१० साली, मार्ग सुरू होतानाच, अख्ख्या मार्गाचं असं पर्यावरणीय जाहीरपत्र काढलं होतं. आपल्याकडे एका डिव्हिजनने एका सेक्शनचं काढलं तरी सुरुवात होईल.

मेनू मराठीत नाही, आणि पारिभाषिक शब्द असे की इंग्रजी येणाराही अडखळावा. तज्ज्ञांसाठीच बांधलेलं आहे हे जागोजागी जाणवतं. एककांची काळजी घ्या: टन-किलोमीटर आणि किलो-किलोमीटर यादीत जवळजवळ दिसतात. चुकीचं निवडलं तर ट्रकची खडी विमानाने आणल्यासारखी महाग पडेल. जुना लॅपटॉप असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मेमरीची मर्यादा वाढवा, मगच मोठा डेटाबेस उघडा. आणि मॉडेलची प्रत पेन ड्राइव्हवर काढत चला.

कोणी घ्यावं? सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी नक्की. सल्लागार कंपन्या घेतातच. नोकरीतल्या पी-वेवाल्यांना वेळ कुठून मिळणार, पण ज्यांच्याकडे सेक्शनची रजिस्टरं आहेत त्यांच्याकडेच खरा डेटा आहे: कुठल्या किलोमीटरचा रूळ कधी टाकला, कधी काढला आणि का काढला. गुण द्यायचे तर सॉफ्टवेअरला पाचपैकी चार, नवख्याला समजण्याच्या सोपेपणाला दोन, भारतीय रेल्वेच्या तयार माहितीला शून्य. पॅरामीटरच्या सोयीला मात्र पैकीच्या पैकी.

पुढे पुलावरचे स्लीपर मांडायचे आहेत. गर्डर पुलांवर आता लाकडाऐवजी स्टील चॅनल आणि काही ठिकाणी कॉम्पोझिट स्लीपर येतात, त्यांची तुलना करायची आहे. कोणाकडे कॉम्पोझिट स्लीपरचं प्रत्यक्ष वजन आणि तो पुलावर किती वर्षं टिकला याची नोंद असेल तर खाली लिहा. कंपनीच्या जाहिरातपत्रकातला आकडा नको, तो माझ्याकडे आहे.